रिंग कुठं बसते हे विचारणारे दाजी

आक्काचा फोन आला तेव्हा मी तासगावला आमच्या बेदाण्याच्या शेडवर होते. द्राक्षं जाळीवर पातळ पसरा म्हणून सकाळपासून बायकांच्या मागं लागले होते आणि त्या आपल्या ढीग घालत होत्या. आक्का रडत नव्हती. "नंदा, तुझं दाजी गेलं गं," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "जेवून खुर्चीत बसलं व्हतं. मी ताक घिऊन आले तवर..." साताऱ्याला पोचेपर्यंत गाडीत काय काय मनात आलं ते आता सगळं आठवत नाही, पण एक पक्कं आठवतं. मला त्यांचा राग आला होता. आमचं दोघांचं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि ते मिटवल्याशिवाय हा माणूस उठून गेला. हे काय वागणं झालं?

दाजी म्हणजे सुभेदार यशवंतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या एमआयडीसीत त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. शेडवरचा माल उतरून पेट्यांत गेला. तरी फोन वाजला की पलीकडून "काय मेव्हणीबाई, औंदा बेदाणा गोड हाय का नुसताच महाग?" असं ऐकू येईल म्हणून मी क्षणभर थांबते. अंगानं आडदांड माणूस, भरघोस मिश्या, आवाज परेडच्या मैदानावरचा. आणि स्वभाव... चौकस हा शब्द त्यांच्यासाठी फार तोकडा आहे. माझ्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मांडवातला जनरेटर बंद पडला. दाजी रजेवर आलेले, फेटा बांधून पुढं बसलेले. ते उठले ते थेट जनरेटरपाशी. दहा मिनिटांत दिवे लागले, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी दाजींचा पत्ता नाही. बघतो तर वऱ्हाड जेवून उठल्यावर त्यांनी जनरेटर पुन्हा बंद करून उघडला होता. बंद का पडला ते त्यांना समजलं होतं, पण इतका गचाळ जनरेटर आधी चालत कसा होता ते समजलं नव्हतं. फेट्याचा शेमला काळ्या ऑइलनं भरलेला. आक्कानं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

फौजेतल्या त्यांच्या गोष्टींत माणसं कमी आणि यंत्रं जास्त असायची. त्यातली एक त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली असेल की आक्का मधूनच उठून चहा टाकायला जायची. कुठल्याशा उंच ठाण्यावर, बर्फात, एक यंत्र बंद पडलं. कसलं यंत्र, ते त्यांनी अखेरपर्यंत सांगितलं नाही. बिघाड एवढासा, आतलं बोटभर सील गेलेलं. पण ते सील परदेशातली एक खाजगी कंपनी बनवायची, आणि त्या कंपनीनं कळवलं की सध्या देता येणार नाही. का, कशासाठी, काही नाही. नुसतं देता येणार नाही. दाजींनी ट्रकच्या ट्यूबमधून हातानं सील कापलं, ते एक दिवस टिकलं, मग दुसरं कापलं, तिसरं कापलं. "लढाई फौजेची असती असं आपून म्हणतो," ते सांगायचे, "पर तिकडं कुठं तरी कोटातला एक दुकानदार न्हाई म्हणला, आन हितं आमी बर्फात ट्यूबा कापत बसलो. त्या गड्याला म्या लय शिव्या दिल्या." आणि मग नेहमीप्रमाणं चौकशी सुरू. "पर नंदाबाई, त्याला ठावं असंल का वो, त्याचं सील कुठं बसतं ते? का त्यो बी नुसताच पीस मोजत हुता?" मी म्हणायचे, असेल माहीत, मोठा मालक होता ना. ते मान हलवायचे. त्यांना ते पटायचं नाही.

वर्कशॉप निघालं तेव्हा एकच जुना लेथ होता. पुढं भाचा प्रशांत डिप्लोमा करून आला, त्यानं कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आणली, दोन पाळ्या सुरू केल्या. काम सगळं दुसऱ्यांसाठी. मोठ्या कंपन्या ड्रॉइंग पाठवायच्या आणि हे त्याप्रमाणं सुटे भाग कापून द्यायचे. पण दाजींचा एक रिवाज होता. खंडेनवमीला सगळी वर्कशॉपवाली माणसं यंत्रांना हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. दाजी त्याआधी एक पाट मांडायचे आणि वर्षभरात बनवलेल्या प्रत्येक मालाचा एकेक नग त्यावर ठेवायचे. मग सगळ्या कामगारांना समोर उभं करून एकेक नग हातात घ्यायचे. "ह्यो साखर कारखान्याच्या पंपात बसतो." कुंकू. "ह्यो एसटीच्या ब्रेकात." कुंकू. "ह्यो दवाखान्यातल्या खाटंला, खाट वर-खाली हुती त्याला." कुंकू. कामगार आपसात याला सुभेदारांची हजेरी म्हणायचे आणि हसायचे, पण मी पाहिलंय, खाटेचा नग आला की जो तो मान उंच करून बघायचा. नवीन गिऱ्हाईक आलं की दाजींचा पहिला प्रश्न भावाचा नसायचा, "हे कुठं बसतं?" हा असायचा. कंपनीचे साहेब लोक गालात हसून सांगून टाकायचे. कुणी कधी लपवलं नाही... ती रिंग येईपर्यंत.

ॲल्युमिनियमची रिंग होती, बांगडीएवढी, आतून बारीक खाचा. पुण्याच्या एका गृहस्थानं काम आणलं होतं. स्वतः तो काही बनवत नसे, इकडून घेऊन तिकडं द्यायचा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जिथं कंपनीचं नाव असतं तिथं पांढरं कोरं. काम मोठं आणि कायमचं होतं, प्रशांतनं त्याच्या जोरावर दुसऱ्या पाळीला नवी पोरं घेतली होती. त्या खंडेनवमीला मी साताऱ्यात होते. दाजींनी पाटावरची रिंग उचलली आणि प्रशांतकडं बघितलं. "ड्रोनला लागते आप्पा," प्रशांत म्हणाला. "शेतात औषध फवारतात त्या." दाजींनी कुंकवात बोट बुडवलं, आणि तसंच बोट हवेत ठेवून माझ्याकडं वळले. "मेव्हणीबाई, तुमच्या बागंवर येतो न्हवं फवारणीचा ड्रोन? आतनं बघितलाय का कवा?" मी म्हटलं, आवं दाजी, मी द्राक्ष बघू का ड्रोनचं पोट बघू? सगळे हसले. दाजीही हसले. पण रिंग त्यांनी कुंकू न लावता बाजूला ठेवली.

आठ-पंधरा दिवसांतच स्वारी तासगावला हजर. छाटणीनंतर बागांवर फवारणीचं काम जोरात होतं. ड्रोन घेऊन येणारा पोरगा आमच्याच बाजूचा, दाजींनी त्याला चहा पाजला, त्याच्या गावात फौजेत कोण कोण आहे ते विचारलं, आणि मग हळूच खिशातून रिंग काढली. त्यानंही हौसेनं ड्रोनचं झाकण उघडलं. दोघं बागेच्या बांधावर मांडी घालून बसले. इथं लावून बघ, तिथं लावून बघ. रिंग कुठंच बसेना. जागा कमी पडत होती, भोकं जुळत नव्हती. "ह्याच्यापेक्षा लय मोठं असणार आजोबा ते," पोरगा म्हणाला. दाजी मला म्हणाले, "आपल्या ड्रोनात न्हाई बसत, येवढंच कळलं. दुसऱ्या कंपनीच्या फवारणीच्या ड्रोनात बसत असंल बी. लगीच कुणावर आळ घ्यायचा न्हाई." तेवढं बोलून जेवायला बसले. खरं तर त्या दिवशी त्यांना फार मजा आली होती, ते मला दिसत होतं. कोडं सापडलं की त्यांचा चेहरा पोरासारखा व्हायचा.

साताऱ्याला जाऊन त्यांनी पुण्याच्या गृहस्थाला फोन लावला आणि ही रिंग परदेशात कुणाच्या लढाईच्या ड्रोनात तर जात नाही ना, असं विचारलं. काय बोलणं झालं ते दाजींनी मला नंतर नकलेसकट सांगितलं. तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुम्ही लेथ चालवता, परराष्ट्र खातं नाही." दाजी म्हणे खो खो हसले आणि म्हणाले, "बराबर हाय साहेब. मग तुमी एवढंच लिहून द्या, माल कुणाला जाणार आन कशात बसणार." त्यावर पलीकडून थंड आवाजात उत्तर आलं की लिहून मागणारे नको आहेत, करून देणारे साताऱ्यात पुष्कळ आहेत. दाजींनी फोन ठेवला आणि प्रशांतला सांगितलं, हातातला माल पुरा करायचा, नवा घ्यायचा नाही.

मग घरात जे झालं त्याला मी साक्षी होते. रविवार होता, आक्कानं मटण केलं होतं, आणि ते ताटांत गार होत होतं. प्रशांत एरवी वडलांपुढं मान वर करत नाही. त्या दिवशी त्यानं ताट सरकवलं. "आप्पा, आपण नाही केली तर शेजारचा करणार. रिंग बनायची ती बनणारच. दुसऱ्या पाळीची पोरं तेवढी घरी बसणार. आणि समजा, आपल्याच फौजेसाठी असली तर? गुपित म्हणून सांगत नसतील." हे शेवटचं दाजींना लागलं. "फौज अशी चोरावानी येत न्हाई रं," ते म्हणाले. "फौज उलट तुझ्याकडनं धा कागद लिहून घिती. पर तू म्हणतोस ते अगदीच खोटं न्हाई. मला तरी कुठं ठावं हाय?"

मी प्रशांतच्या बाजूनं होते, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हटलं, "दाजी, मी बेदाणा विकते. तो कोण खातो, साधू खातो का चोर खातो, मी विचारत बसते का? धंदा आहे. देशाचं बघायला दिल्लीत माणसं बसलीत." दाजी म्हणाले, "बेदाणा कुणाच्या डोस्क्यावर पडत न्हाई." आणि मग त्यांनी मला धरलंच. "तुमची द्राक्षं परदेशात जात हुती. तिकडं समुद्रात जहाजांवर ड्रोन पडाया लागलं तवा काय झालं?" काय व्हायचं? जहाजवाल्या कंपन्यांनी परस्पर ठरवलं, आफ्रिकेला वळसा घालून जायचं, आणि आमचा माल पोचेपर्यंत मऊ पडला. त्या हंगामात मी सरकारला शिव्या घातल्या, जहाजवाल्यांना घातल्या. "आता इचार करा," दाजी म्हणाले, "त्या ड्रोनच्या पोटात बी कुणाच्या तरी वर्कशॉपातली रिंग असंलच की. त्यो गडी बी जेवताना हेच म्हणला असंल, म्या न्हाई केली तर शेजारचा करंल." मी तणतणत भांडी गोळा केली. आमचं भांडण म्हणतात ते हे.

दुसऱ्या पाळीच्या पोरांना दाजींनी स्वतः सांगितलं. एकजण तोंडावर म्हणाला, "सुभेदार, तुमच्या शंकेपायी आमच्या पोटावर पाय का?" दाजींनी काय केलं, तर त्या सगळ्या पोरांना घेऊन भिंतीपलीकडच्या वर्कशॉपात गेले आणि त्या मालकाला म्हणाले, ही पोरं हाताची चांगली आहेत, ठेवून घ्या. आणि तोपर्यंत रिंगचं काम त्याच मालकाकडं गेलं होतं. म्हणजे ज्या रिंगला हा माणूस नाही म्हणाला, तीच रिंग बनवायला आपली तयार पोरं स्वतःच्या हातानं पोचवून आला. प्रशांतच्या डोक्यात तिडीक गेली. "मग तुम्ही मिळवलं काय आप्पा?" दाजी म्हणाले, "म्या काय मिळवायसाठी न्हाई म्हणलोच नव्हतो." त्या दिवसापासून बाप-लेकांचं बोलणं तुटलं. म्हणजे 'जेवायला चला' आणि 'गाडीची किल्ली कुठाय' एवढं होतं. पण वर्कशॉपमधलं काही प्रशांत त्यांना सांगेना, आणि दाजींना दुसरं बोलायचं तरी काय येत होतं?

पुढच्या खंडेनवमीला प्रशांतनं यंत्रांची पूजा भराभर उरकली, पाट मांडलाच नाही. दाजी हात जोडून उभे राहिले. आक्का म्हणाली त्या दिवशी घरी येऊन ते पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते, चांगला चालू असलेला.

शेवटचं वर्षभर त्यांना एकच नाद होता. पेपरात आलेली लढायांची बातमी फौजेसाठी कमी आणि दुकानदारांसाठी जास्त वाचायचे. कुठल्याशा देशात लढाई चालू असताना आकाशातलं इंटरनेट सुरू ठेवायचं की बंद करायचं हे एका कंपनीच्या हातात होतं म्हणे, ते त्यांनी मला फोन करून सांगितलं. "राजं ऱ्हायलं बाजूला नंदाबाई, मालक लढाया ठरवाया लागल्यात. त्या मालकाला रातच्याला काय वाटत असंल?" मोबाईलमधली चिप कुठल्या बेटावर बनते, ती कुणी कुणाला द्यायची नाही हे कोण ठरवतं, सगळं विचारायचे. मी कंटाळून म्हणायचे, मला बेदाण्याचं विचारा. अधूनमधून भिंतीपलीकडच्या मालकाकडं चहाला जाऊन बसायचे, भांडण न काढता. "कळलं का रं, कुठं बसती?" "न्हाई बा सुभेदार." मग दोघं उसाच्या दराचं बोलायचे.

एकदा मात्र माझ्याशी मनातलं बोलले. आक्काला तपासणीसाठी दवाखान्यात आणलं होतं, आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. म्हणाले, "त्या बर्फातल्या सीलवाल्याला म्या आयुष्यभर शिव्या दिल्या. आता म्या बी त्योच झालो की. देता येणार न्हाई म्हणलो. समजा चांगल्याच यंत्राची रिंग असली, आन त्या तिकडं कुणी माझ्यासारखा ट्यूबा कापत बसला असला, तर? पोरगा बी गमावला आन खरं बी न्हाई कळलं." हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तसं पाहिलं. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण मेव्हणी-दाजींचं नातं आमचं सगळं चेष्टेतलं, त्यात हात धरायची सवय नव्हती. मी म्हटलं, "कळेल की दाजी. घाई काय आहे?" आता वाटतं, काहीही बोलले असते, हे नको होतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी आक्काकडंच होते, तेव्हा पुण्याचा तो गृहस्थ भेटायला आला. फोनवरच्या आवाजावरून मी कुणी बेरकी माणूस डोळ्यांपुढं आणला होता. आला तो पन्नाशीचा, थकलेला, घाम पुसत, हातात केळ्यांची फणी. आक्काच्या पाया पडला. प्रशांत समोर बसला होता, चेहरा दगडाचा. चहा आला. मग आक्का, जिला या सगळ्यातलं काही कळत नाही असं आम्ही आजवर धरून चाललो होतो, ती म्हणाली, "साहेब, आता माणूस तर गेलं. मला सांगून टाका. ती रिंग कुठं बसायची वो?"

त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, खरं सांगू? मलाही माहीत नाही. मला मुंबईचा एकजण ड्रॉइंग देतो. तो म्हणाला फवारणीचा ड्रोन, मी तेच पुढं सांगितलं. सुभेदारांनी विचारलं तेव्हा मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, तू काम कर. मग मी सुभेदारांना तसं तोडून बोललो. माहीत नाही म्हणायची लाज वाटली हो." मी प्रशांतकडं बघितलं. ज्या उत्तरापायी त्यानं वडलांशी वर्षभर अबोला धरला होता, ते उत्तर मुळात कुणाकडं नव्हतंच. तो उठला, आत गेला. मला वाटलं रडायला गेला. तर मोबाईल चार्जिंगवरून काढून घेऊन आला आणि म्हणाला, "त्या मुंबईवाल्याचा नंबर द्या."

तेव्हापासून हे चाललंय. मुंबईवाल्यानं आधी उडवून लावलं, मग चौथ्या-पाचव्या फोनला वैतागून आणखी कुणाचं तरी नाव दिलं. तो माणूस दुबईला असतो. त्यालाही माहीत नाही, त्यालाही दुसऱ्या कुणी ड्रॉइंग दिलंय. प्रत्येक वेळी प्रशांत मला फोन करतो, वर्कशॉपमधून, मागं यंत्रांचा आवाज, आणि सगळं नकलेसकट सांगतो. मी शेडवरची कामं टाकून ऐकते. मला आता खरंच जाणून घ्यायचंय. परवा त्याचा फोन आला तो थोडा वेगळा होता. त्या दुबईच्या माणसानं त्याला उलटं विचारलं होतं, तुम्ही तर हे काम कधीच सोडलंय, तुमचा एक पैसा यात अडकलेला नाही, मग तुम्हाला हे कशाला पाहिजे?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

पलीकडं त्यानं एक यंत्र बंद केल्याचं ऐकू आलं.

"काय सांगणार मावशी? म्हटलं, आप्पा विचारत्यात."